नवा बूट की मागची आवृत्ती? फुटबॉलपटूंच्या प्रश्नांना उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न एकाच पेचाभोवती फिरतात. नवी आवृत्ती बाजारात येते, मागची सवलतीत मिळू लागते आणि खेळाडूला दोहोंतली एक निवडावी लागते. सीमाभागातील मैदाने आणि इथला पाऊस लक्षात घेऊन ही उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : मी मधल्या फळीत खेळतो. आदिदासचा ‘प्रेडेटर ॲक्युरसी .३’ हा माझा जोड झिजला आहे. दुकानदार म्हणतात की आता ‘.३’ येत नाही, ‘लीग’ घ्या, तो वरचा आहे. तो खरोखर वरचा आहे, की फक्त नाव बदलले आहे?
– महाविद्यालयीन खेळाडू, खानापूर

उत्तर : नाव बदलले आहे, श्रेणी जवळजवळ तीच आहे. २०२३ च्या ॲक्युरसीपर्यंत आदिदास आपल्या बुटांची श्रेणी अंकांनी दाखवत असे. त्यात ‘.१’ वरची, तर ‘.३’ आणि ‘.४’ खालच्या असत. २०२४ च्या प्रेडेटरपासून या अंकांच्या जागी एलिट, प्रो, लीग आणि क्लब ही नावे आली, आणि तुमच्या ‘.३’ चे स्थान ‘लीग’कडे गेले. त्यामुळे तुलना करायची तर ‘.३’ ची ‘लीग’शीच करावी. जाहिरातीत जो बूट दिसतो तो एलिट असतो, आणि त्याचे गुण लीगमध्ये जसेच्या तसे उतरतील असे धरून चालू नये.

खरा बदल दोन ठिकाणी आहे. पहिला जिभेचा. नाडीवर दुमडून येणारी लांब जीभ ही जुन्या प्रेडेटरची ओळख होती, आणि ती २०२४ मध्ये परत आणली गेली. लिव्हरपूलचे माजी खेळाडू क्रेग जॉन्स्टन यांच्या कल्पनेतून घडलेला पहिला प्रेडेटर १९९४ मध्ये बाजारात आला होता, म्हणजे हे त्याचे तिसावे वर्ष होते आणि ती जीभ पाहून जुन्या चाहत्यांना आनंद झाला असल्यास नवल नाही. चेंडू मारताना नाडीची गाठ मध्ये येत नाही, एवढा तिचा व्यावहारिक फायदा आहे. मात्र चिखलात ती जड होते, म्हणून पावसाळ्यात खेळणाऱ्याने साधी जीभ असलेला लीगच घ्यावा, असे माझे मत आहे. दुसरा बदल पकडीचा. एलिटवर रबराच्या उंच पट्ट्या असतात, तर खालच्या श्रेणीत पृष्ठभागावर केवळ उठावाचा पोत असतो. कोरड्या चेंडूवर त्याचा थोडा उपयोग होतो, पण खानापूरच्या लाल चिखलाने तो पोत भरला की जुना आणि नवा यांत फरक उरत नाही.

दुकानात एक गोष्ट अवश्य करून पाहावी. बुटाची टाच तळहातावर टेकवावी आणि दुसऱ्या हाताने पुढचा भाग वर ढकलावा. बूट बोटांच्या मुळाशी, म्हणजे धावताना पाऊल आपसूक जिथे वाकते तिथेच वाकला पाहिजे. तो मधोमध दुमडत असेल, तर कितीही नवा असला तरी तळपायाला त्रास देईल. जुना आणि नवा असे दोन्ही जोड शेजारी ठेवून ही परीक्षा घेतली, तर पत्रकावर लिहिलेले नसलेले बरेच काही कळते.

प्रश्न : मी बचाव फळीत खेळतो आणि आजवर चामड्याचाच बूट वापरला आहे. नाइकी टिएम्पोची नववी आवृत्ती मला मानवली होती. दहावीत चामडे नाही असे ऐकतो. मग ती घ्यावी का?
– वाचक, निपाणी

उत्तर : तुम्ही ऐकले ते खरे आहे. कांगारूचे चामडे वापरणे थांबवत असल्याचे नाइकीने २०२३ मध्ये जाहीर केले, आणि त्याच वर्षी आलेल्या टिएम्पो लेजंडच्या दहाव्या आवृत्तीत फ्लायटच नावाचे कृत्रिम चामडे आले. प्यूमानेही १९६८ पासून चालत आलेल्या आपल्या ‘किंग’मध्ये त्याच वर्षी कांगारूच्या चामड्याऐवजी प्राणिजन्य नसलेले साहित्य वापरायला सुरुवात केली. म्हणजे हा एका बुटातला फेरफार नाही, चामड्याच्या बुटांचा सगळा वर्गच बदलतो आहे.

तुमच्यासाठी यातला कळीचा मुद्दा मापाचा आहे. चामडे काही दिवसांच्या वापरात पावलाच्या आकाराप्रमाणे सैल होते, म्हणून चामड्याचा बूट सुरुवातीला किंचित आवळ घेण्याची आपल्याकडे पद्धत आहे. कृत्रिम चामडे तेवढे ताणले जात नाही. नवव्या आवृत्तीच्या सवयीने दहावी आवळ घेतली, तर ती आवळच राहील आणि करंगळीला फोड येतील. तेव्हा जुन्या जोडावरचा आकडा पाहून नवा मागवू नये. संध्याकाळी, पाऊल दिवसभराच्या चालण्याने थोडे फुगलेले असताना, खेळण्याचे जाड मोजे घालून बूट पायात चढवून पाहावा. जिभेच्या आतल्या चिठ्ठीवरील सेंटिमीटरचा आकडा लांबी सांगतो, बुटाची रुंदी सांगत नाही.

पावसाच्या बाबतीत नवी आवृत्ती उजवी आहे, हे मान्य केले पाहिजे. चामडे पाणी पिते, जड होते आणि नीट सुकवले नाही तर कडक पडून भेगाळते. तुमच्याकडे जुनाच जोड असेल तर तो चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नये. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून, ते ओले झाले की बदलत, सावलीत सुकवावा. चेंडू पायावर थांबवताना जो मऊपणा जाणवतो तो मात्र अस्सल चामड्यात अजूनही अधिक आहे. त्याची ओढ असेल आणि नववी आवृत्ती तुमच्या मापात कुठे शिल्लक असेल, तर ती घेण्यात गैर काही नाही.

प्रश्न : नवा बूट जुन्यापेक्षा काही ग्रॅमने हलका आहे. त्याने वेग वाढेल का?
– शालेय खेळाडू, चिकोडी

उत्तर : जाणवण्याइतका नाही. तुमच्या काळ्या मातीत पावसाळ्यात स्टडच्या, म्हणजे तळावरच्या खुंट्यांच्या, मध्ये अडकणारा चिखल त्याच्या कितीतरी पट वजनाचा असतो. स्टड दूर दूर असलेला तळ निवडा आणि मध्यंतरात तो खरवडून काढा.

प्रश्न : मुलाच्या जुन्या बुटावर ‘एफजी’ लिहिले होते, नव्यावर ‘एमजी’ आहे. तो शाळेच्या मैदानावर आणि कृत्रिम टर्फवर, दोन्हीकडे खेळतो. हा बदल चांगला की वाईट?
– पालक, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : तुमच्या मुलासाठी चांगला. एफजी हा तळ घट्ट, हिरवळीच्या मैदानासाठी असतो. एमजी एकाहून अधिक प्रकारच्या मैदानांचा विचार करून बनवलेला असतो. खास कृत्रिम गवतासाठी एजी नावाचा तळ येतो. त्याचे स्टड आखूड आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे भार विभागला जातो. लांब पात्यासारखे स्टड कृत्रिम गवतात रुतून बसतात, आणि पाऊल अडकलेले असताना शरीर वळले तर गुडघ्यावर आणि घोट्यावर ताण येतो. शिवाय एफजी बूट कृत्रिम गवतावर वापरल्यास अनेक कंपन्या हमी मान्य करत नाहीत.

उन्हाळ्यात आपली मैदाने वाळून टणक होतात. तेव्हा एमजीचे स्टडही तळव्याला टोचू लागतात. अशा दिवसांत बारीक रबरी गोळ्यांचा टीएफ तळ असलेला साधा बूट अधिक योग्य ठरतो. दोन आवृत्त्यांमध्ये वरचे कापड कितीही बदललेले असो, मुलांच्या बाबतीत निर्णय तळ पाहूनच करावा. वाढीसाठी दोन मापे मोठा बूट घेणे टाळावे. अंगठ्यापुढे अर्ध्या बोटाच्या रुंदीएवढी जागा पुरते.

प्रश्न : दोन आवृत्त्या मागे पडलेला बूट निम्म्या किमतीत मिळतो आहे. घेऊ का? आणि तळ निघाला तर दुरुस्त होतो का?
– वाचक, संकेश्वर

उत्तर : श्रेणी तीच आणि तळ तुमच्या मैदानाला योग्य असेल, तर निःसंकोच घ्यावा. त्याच पैशांत नव्या आवृत्तीची खालची श्रेणी घेण्यापेक्षा जुन्याची वरची श्रेणी बहुधा अधिक चांगली असते. फक्त जोड किती काळ गोदामात पडून होता ते तपासावे, कारण दमट हवेत डिंक आणि काही प्रकारचे प्लास्टिक न वापरताही कमकुवत होते. वरचा भाग आणि तळ जिथे जुळतात त्या रेषेवर अंगठ्याच्या नखाने दाब द्यावा. फट उघडली, किंवा तळ पिवळट आणि चिकट लागला, तर तो जोड सोडून द्यावा.

दुरुस्ती होते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात आपला बेळगाव जिल्हाही आहे, आणि निपाणी-अथणी भागातील चर्मकारांच्या हातची शिलाई कोणत्याही कारखान्याच्या डिंकापेक्षा भरवशाची असते. स्वस्तातला नवा बूटही पहिल्या सामन्याआधीच कडेने शिवून घ्यावा. शिवताना दोरा जाड मेणाचा वापरायला सांगावे, म्हणजे टोच्याच्या छिद्रांतून पाणी कमी शिरते. बोटांच्या मुळाशी आतून गाठ येऊ देऊ नये, आणि काम झाल्यावर तिथे बोट फिरवून खात्री करून घ्यावी.