युद्धनौकांवरचे बँड : वाचकांच्या शंका आणि जाणकारांची उत्तरं

नौदलाच्या बँडविषयी गेल्या काही आठवड्यांत आलेल्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांची ही उत्तरं. काही प्रश्न इतिहासाचे आहेत, तर काही आजही समुद्राकाठी वाद्यं वाजवणाऱ्यांचे.

पर्ल हार्बरच्या हल्ल्यात एका जहाजाचा अख्खा बँड गेला, असं ऐकलं. आदल्या रात्री तो बँड स्पर्धा जिंकला होता आणि बक्षीस म्हणून त्यांना सकाळी उशिरापर्यंत झोपू दिलं होतं, हे खरं का? — एक वाचक, पुणे

पहिली गोष्ट खरी, दुसरी खोटी. ‘यूएसएस अ‍ॅरिझोना’वर अमेरिकन नौदलाचं बँड युनिट क्रमांक २२ होतं. प्रमुख फ्रेडरिक किनी यांच्यासह २१ जण. वॉशिंग्टनच्या नौदल संगीतशाळेत एकत्र शिकून १९४१च्या मध्यावर ते या जहाजावर आले होते. ७ डिसेंबर १९४१ला २१ पैकी एकही जण वाचला नाही.

स्पर्धेचा घोळ असा. पर्ल हार्बरमधल्या जहाजांच्या बँडमध्ये त्या वर्षी ‘बॅटल ऑफ म्युझिक’ ही स्पर्धा चालू होती. तिच्या फेऱ्या ब्लॉक अरीना या सभागृहात व्हायच्या. प्रत्येक बँडला एक स्विंग (नाचाच्या तालातलं जॅझ), एक संथ गाणं आणि एक खास रचना वाजवावी लागे, शिवाय नाचणाऱ्यांना साथ द्यावी लागे. अ‍ॅरिझोनाचा बँड आधीच अंतिम फेरीत पोहोचला होता. ६ डिसेंबरच्या रात्री तिथे इतर जहाजांचे बँड वाजवत होते आणि अ‍ॅरिझोनाचे काही वादक नुसते ऐकायला गेले होते. अंतिम फेरी २० डिसेंबरला ठरली होती, ती झालीच नाही. पुढे इतर बँडनी मिळून तो करंडक अ‍ॅरिझोनाच्या वादकांच्या नावे दिला. ‘रात्री जिंकले’ ही कथा बहुधा यातूनच जन्मली असावी.

झोपेचं म्हणाल, तर वेळापत्रकच त्याला उत्तर देतं. अमेरिकन नौदलात सकाळी आठला ध्वज चढतो आणि त्याआधी पाच मिनिटं, ७:५५ला, पूर्वसूचनेचं निशाण वर जातं. बँड असलेल्या जहाजावर तेव्हा वादक डेकच्या मागच्या टोकाला वाद्यं घेऊन उभे असतात. हल्ला सुरू झाला तो नेमका याच सुमारास. अ‍ॅरिझोनाचे वादक ध्वजारोहणाच्या तयारीत होते. धोक्याचा इशारा होताच ते आपापल्या लढाईच्या जागी धावले. ती जागा होती तोफेच्या बुरुजाखाली, दारूगोळा वर पोचवण्याच्या कामावर. काही मिनिटांतच पुढच्या बाजूच्या दारूगोळा कोठारात स्फोट झाला. जहाजावरचे १,१७७ जण गेले आणि स्फोटाच्या सर्वांत जवळ असलेल्यांमध्ये हे वादक होते. ते झोपले होते म्हणून गेले नाहीत, कामावर होते म्हणून गेले. म्हणूनच ही खोटी कथा पुसली जावी असं आम्हाला मनापासून वाटतं.

जवळच उभ्या असलेल्या ‘नेवाडा’वर ओडेन मॅकमिलन यांच्या बँडने राष्ट्रगीत सुरू केलं होतं. विमानातून गोळ्या सुटल्या, ध्वजाच्या चिंध्या झाल्या. बँड क्षणभर अडखळला, पण राष्ट्रगीत पूर्ण करूनच वादक आपल्या जागी पळाले.

वादकांना लढाईच्या वेळी दुसरी कामं का देत? वाद्य वाजवणारा माणूस तोफेच्या कामाला कसा चालणार? — महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कोल्हापूर

युद्धनौकेवर मोकळा माणूस नसतो. जागा, पाणी, अन्न सगळं मोजकं असतं, त्यामुळे जहाजावरच्या प्रत्येकाला लढाईतलं एक ठरलेलं काम असतं, मग तो स्वयंपाकी असो वा वादक. ब्रिटिश नौदलाने तर वादकांना अतिशय नाजूक काम दिलं होतं.

ते काम चाले ‘ट्रान्समिटिंग स्टेशन’मध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटात, चिलखती डेकच्या खाली असलेल्या खोलीत. तिथे तोफांसाठी गणित करणारं मोठं यांत्रिक टेबल असे. पहिल्या महायुद्धात ड्रेयर टेबल, नंतर अ‍ॅडमिरल्टी फायर कंट्रोल टेबल. शत्रूचं अंतर, त्याचा वेग आणि दिशा, आपला वेग, वारा ही माहिती त्यात भरली जाई आणि तोफ किती उचलायची, कुठे वळवायची हे बाहेर पडे. टेबलाभोवती बसलेल्यांनी हातचाक फिरवून एका काट्यावर दुसरा काटा सतत जुळता ठेवायचा. झटका द्यायचा नाही, मागे पडायचं नाही, शेजाऱ्याच्या कामाशी मेळ सोडायचा नाही. वर्षानुवर्षं बँड मास्तरांच्या हातवाऱ्यावर एकत्र वाजवलेल्या गटाला हे काम साधायचं. शिवाय तो गट आधीपासून एकत्र राहणारा असे, नवा जमवावा लागत नसे.

त्याची किंमतही मोठी होती. इतक्या खोल खोलीतून वर येण्याच्या वाटा अरुंद, आणि डोक्यावरची झाकणं लढाईत बंद. २४ मे १९४१ला ‘एचएमएस हूड’ ही ब्रिटिश युद्धनौका बुडाली तेव्हा १,४१८ पैकी तिघेच वाचले, त्यांत बँडमधला कोणी नव्हता. दुसऱ्या महायुद्धात रॉयल मरीन्सचे, म्हणजे ब्रिटिश नौदलाच्या सैनिक दलाचे, २२५ वादक गेले. हा एकूण वादकांचा जवळपास चौथा हिस्सा.

ही पद्धत बसली ती १९०३पासून. त्याआधी ब्रिटिश जहाजांवर इटालियन आणि माल्टी वादक बरेच असत आणि त्यांच्या खर्चाचा काही भाग अधिकारी स्वतःच्या खिशातून उचलत. १९०३मध्ये पोर्ट्समथजवळ ईस्टनी इथे नौदलाची संगीतशाळा निघाली आणि रॉयल मरीन्सचे वादक जहाजांना मिळू लागले. चौदा वर्षांची मुलंही तिथे भरती होत. पुष्कळांना दोन वाद्यं शिकवत, एक फुंकण्याचं आणि एक तारांचं. त्यामुळे सकाळी डेकवर मिलिटरी बँड आणि रात्री अधिकाऱ्यांच्या जेवणाला वाद्यवृंद, दोन्ही त्याच पंधरा-वीस माणसांत भागे. पोर्ट्समथ, प्लिमथ, चॅटम इथल्या तळांचे मरीन्सचे बँड वेगळे असत. १९५०मध्ये सगळ्यांची एकच सेवा झाली.

गणिताचं टेबल जाऊन इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली, मोठ्या तोफांची जहाजं मोडीत निघाली, आणि बँडचा मुक्काम हळूहळू किनाऱ्यावर आला. १९८२च्या ब्रिटन-अर्जेंटिना फॉकलंड युद्धात ‘कॅनबेरा’ या प्रवासी जहाजावर गेलेल्या मरीन्सच्या वादकांनी जखमींना उचलण्या-सांभाळण्याचं काम केलं.

आमची शाळा अलिबागला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. बँडची पितळी वाद्यं दोन वर्षांत हिरवी पडली, क्लॅरिनेटच्या कळा अडकतात, साइड ड्रम पावसाळ्यात भदभद वाजतो. जहाजावरचे लोक कसं सांभाळत? — बँड शिक्षक

समुद्राच्या हवेतलं मीठ आणि वाजवताना आत साचणारी ओल, या दोघांचं जुळलं की पितळ खराब होतं. त्यातली मिठाची बाजू आपल्या हाती नाही, ओलीची आहे. सर्वांत मोठी चूक म्हणजे वाजवून झाल्याबरोबर वाद्य पेटीत बंद करणं.

रोज वाजवून झालं की पाण्याची कळ दाबून फुंकर मारा. सगळ्या व्हॉल्व्ह दाबून आतलं पाणी निपटून काढा. बाहेरून मऊ सुती कापडाने पुसा, विशेषतः हात लागतो तिथे, कारण घामातही मीठ असतं. प्रत्येक व्हॉल्व्हला तीन-चार थेंब व्हॉल्व्ह तेल द्या. मग अर्धा तास उघड्यावर, पण सावलीत ठेवा आणि नंतर पेटीत घाला.

आपल्याकडे पंधरा दिवसांतून एकदा, पावसाळ्यात आठवड्याला, पितळी वाद्याला आंघोळ घाला. पाणी कोमटच हवं. गरम पाण्याने लॅकर, म्हणजे पितळावरचा पारदर्शक थर, सुटतं. त्यात भांड्यांच्या साबणाचे काही थेंब. व्हॉल्व्ह काढताना १, २, ३ हा क्रम मोडू नका. ते एकमेकांच्या जागी घातले तर हवेची भोकं जुळत नाहीत आणि फुंकर अडते. व्हॉल्व्हवरचे नमद्याचे आणि बुचाचे तुकडे भिजवू नका, फुगतात. नळीत लवचीक ब्रश फिरवा, सर्वांत जास्त माउथपीसपासूनच्या (ओठांना लावतो तो तुकडा) पहिल्या नळीत, कारण थुंकी आणि अन्नकण तिथेच बसतात. गोड्या पाण्याने भरपूर धुवा, वाळवा, स्लाइडना (आत-बाहेर सरकणाऱ्या नळ्यांना) ग्रीस लावा. व्हॉल्व्हची स्लाइड ओढताना तो व्हॉल्व्ह दाबून धरा, नाहीतर आत निर्वात होऊन ती चिकटते.

पहिल्या नळीवर गुलाबी ठिपके आणि मध्ये काळा बिंदू दिसला तर ते वरून पुसून जाणार नाही. पितळातलं जस्त आतून निघून गेलंय आणि नुसतं तांबं उरलंय. ती नळी बदलावीच लागते. लॅकर असलेल्या वाद्यावर पितळ घासायची पॉलिश चालवू नका. लॅकर जातं आणि उघडं पितळ आणखी वेगाने काळवंडतं. माउथपीस अडकला तर पक्कड लावू नका, नळी पिळवटते. त्यासाठीचा पुलर मिळतो, एकच सगळ्या बँडला पुरतो.

क्लॅरिनेट लाकडी असतील तर मैदानी कामाला एबोनाइट (कडक रबर) किंवा प्लास्टिकचे घ्या, हा आमचा स्पष्ट सल्ला. लाकूड आतून ओलं आणि बाहेरून तापलं की तडकतं. कळा अडकण्याची कारणं बहुधा दोन. पॅड चिकट झालेलं असेल तर पातळ टीपकागद पॅडखाली ठेवून कळ हलकेच दाबायची. कागद ओढू नका, पॅडची कातडी फाटते. दुसरं कारण पोलादी सुईच्या स्प्रिंगा. त्या गंजतात आणि एक दिवस पटकन तुटतात. महिन्यातून एकदा सांध्यांना आणि स्प्रिंगांच्या बुडाशी टोकाने एकेक थेंब तेल पुरे.

ड्रमला चामड्याची पुडी असेल तर दमट हवेत ती सैल पडणारच. तेव्हा ती आवळू नका. ऊन पडलं की चामडं आकसतं आणि आवळलेली पुडी फाटते. सरळ प्लास्टिकची पुडी बसवा. साधारण १९५७पासून ती बाजारात आहे आणि पावसाचं तिला काही होत नाही. खालच्या स्नेअरच्या तारा मात्र गंजतात, त्यांवर लक्ष ठेवा. पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, पण रंग बदलला की त्या तापवून पुन्हा कोरड्या करा.

संचलनात आमच्या नौदल एनसीसीच्या तुकडीची मागची रांग नेहमी बेताल दिसते. मुलं तर म्हणतात, आम्ही ड्रमवरच पाऊल टाकतो. — प्रशिक्षक, रत्नागिरी

मुलं खरं सांगताहेत आणि चूक तिथेच आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ ते ३५० मीटर जातो. मिनिटाला १२० पावलांची चाल धरली तर एका पावलाला अर्धा सेकंद. बँडपासून ३५ मीटर मागे असलेल्याला ठोका दहावा भाग सेकंद उशिरा ऐकू येतो, आणि तेवढा फरक मंचावरून डोळ्याला दिसतो. सुमारे १७५ मीटरवर पूर्ण एक पाऊल चुकतं, म्हणजे पुढच्यांचा डावा तर मागच्यांचा उजवा.

बँड रांगेच्या पुढे न ठेवता दोन तुकड्यांच्या मधे ठेवा, अंतर निम्म्यावर येतं. मागच्या तुकडीच्या म्होरक्याने कानावर नाही, बास ड्रमच्या काठीवर नजर ठेवून पाऊल टाकावं. बास ड्रमरने डाव्या पायाचा ठोका ठसठशीत द्यावा आणि काठी उंच उचलावी. मागच्या टोकाला दुसरा ड्रम ठेवण्याचा मोह टाळा. ५० मीटर मागचा ड्रमर कानाने वाजवेल तर तो ०.१४ सेकंद मागे, आणि त्याचा आवाज पुढे पोचेपर्यंत आणखी तेवढाच उशीर. पुढच्यांना मग दोन ठोके ऐकू येतात.

सरावात सूर जुळलेला असतो, उन्हात परेडला उभं राहिलं की चढतो. — पोलीस बँडमधील वादक, नागपूर

हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटर. २० अंशांवरून ३५ अंशांवर गेल्यास नुसत्या हिशेबाने चाळीसेक सेंटचा फरक पडतो (अर्ध्या स्वराचे १०० सेंट). वादकाच्या श्वासाने नळी आधीच कोमट असते, म्हणून प्रत्यक्षात तो कमी होतो. ग्लॉकेनस्पील या धातूच्या पट्ट्यांवर वाजवायच्या वाद्याच्या पट्ट्या मात्र उन्हात किंचित उतरतात आणि त्या ओढून सुधारता येत नाहीत. बँडमध्ये ते असेल तर बाकीच्यांनी त्याला जुळवायचं.

खोलीत सूर लावून बाहेर पडू नका. मैदानावर दहा मिनिटं वाजवून वाद्यं तापू द्या, मग सूर लावा. बी-फ्लॅट ट्रम्पेटची नळी सुमारे दीड मीटर असते. मुख्य स्लाइड १ सेंटिमीटर ओढली की हवेची वाट २ सेंटिमीटरने वाढते आणि सूर साधारण २० सेंट उतरतो. मुख्य स्लाइड जास्त ओढली तर तिन्ही व्हॉल्व्हच्या स्लाइडही थोड्या ओढाव्या लागतात, नाहीतर मोकळे स्वर जुळतात आणि दाबलेले चढेच राहतात.

मुलगा ट्रम्पेट छान वाजवतो. भारतीय नौदलाच्या बँडमध्ये जाता येईल का? — पालक, मडगाव

येईल. नौदलात संगीतकारांची भरती वेगळी होते आणि तिची जाहिरात नौदलाच्या भरती संकेतस्थळावर येते. वय आणि शिक्षणाच्या अटी त्या वर्षीच्या जाहिरातीतच पाहा. चाचणीत वाद्य वाजवून दाखवावं लागतंच, शिवाय लय, सुराची अचूकता आणि एक पूर्ण गाणं गाऊन दाखवणं हेही असतं. नुसत्या वाद्याच्या तयारीवर मुलं इथे अडतात. तेव्हा वाजवलेला स्वर ऐकून तो गळ्यातून काढण्याचा सराव आतापासून करून घ्या. प्राथमिक प्रशिक्षण ओडिशात ‘आयएनएस चिल्का’वर होतं आणि पुढचं संगीताचं मुंबईत कुलाब्याला, ‘आयएनएस कुंजाली’वर. सैनिकी प्रशिक्षणही पूर्ण करावं लागतं. पोहण्याची आणि धावण्याची तयारी वाद्याइतकीच ठेवा.