ऑनलाइन मागवलेला मिक्सर फुटका निघाला, ‘रिटर्नची मुदत संपली’ म्हणतात. पैसे परत मिळतील का?

मिळू शकतात, पण आधी ॲपच्या कस्टमर केअरशी चाललेलं ते चॅट बंद करा. मी त्यात नऊ दिवस घालवलेत.

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर काचेची शेगडी मागवली. पार्सल वॉचमनने घेतलं, ओटीपी सासूबाईंनी फोनवरून सांगून टाकला, आणि गडबडीत खोका उघडला थेट सहाव्या दिवशी. काचेला आरपार तडा! चॅटवर रोज नवा माणूस, रोज पहिल्यापासून तेच पुराण, आणि शेवटी उत्तर काय, तर ‘ओटीपी दिला म्हणजे माल नीट मिळाला.’ अहो, ओटीपीने खोका मिळाला एवढंच कळतं. आतली काच शाबूत होती का, हे कसं कळणार?

आमच्या गोरेगावच्या सोसायटीतले एक काका मुंबई ग्राहक पंचायतीचे जुने सभासद. त्यांनी सांगितलं, ॲपमध्ये तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल शोध. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार असा अधिकारी नेमावाच लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याने नकार द्यायचा नाही, हेही त्याच नियमांत आहे. मी ऑर्डर नंबर, तड्याचे आणि खोक्यावरच्या लेबलचे फोटो, चॅटचे स्क्रीनशॉट जोडले आणि एकच मागणी लिहिली: पूर्ण पैसे परत. शिवाय १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून त्या तक्रारीचा नंबरही मेलमध्ये टाकला. पाचव्या दिवशी पैसे खात्यात.

तुमची मुदत उलटलीय, म्हणजे ‘तुम्हीच फोडला’ असं म्हणतील, तयारी ठेवा. पण ती मुदत ॲपची. ग्राहक आयोगाकडे, म्हणजे ग्राहक न्यायालयात, जायला कायद्याने दोन वर्षं दिलीत. तक्रार सरकारच्या ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागत नाही, आणि विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता तिथल्याच जिल्हा आयोगात चालते. माझ्यावर ती वेळ आली नाही.

एक मात्र जपा: कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, भामटे टपूनच असतात. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

आणि खोका अजून रद्दीवाल्याला दिला नसेल, तर देऊ नका.