सुशी, ओमाकासे आणि साळीचा भात

प्रश्न : चांगल्या सुशी रेस्टॉरंटमध्ये मिळणारं 'ओमाकासे' म्हणजे कच्च्या माशांची ठरलेली थाळीच ना? तिला मराठीत 'आचारीपसंत थाळी' म्हणावं का?

उत्तर : कच्चे मासे नाहीत, ठरलेली नाही, आणि थाळी तर नाहीच. त्यातही 'सुशी म्हणजे कच्चा मासा' हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. कच्च्या माशाच्या नुसत्या कापांना साशिमी म्हणतात. 'सुशी' हे जुन्या जपानीतलं विशेषण आहे, अर्थ 'आंबट'. आजच्या जपानीत आंबटला 'सुप्पाई' म्हणतात. जुनं रूप पदार्थाच्या नावात उरलं. जपानातल्या बिवा सरोवराकाठच्या फुनाझुशी या जुन्या प्रकारात खारवलेला मासा भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवतात. पुढे भातात व्हिनेगर घालायला लागले, आंबवण्याची वाट बघणं संपलं, आणि १८२०च्या दशकात एदोमध्ये, म्हणजे आजच्या तोक्योत, हातानं दाबलेल्या भातावर माशाचा काप ठेवलेली निगिरी रूढ झाली. तिच्यावरही कोहादा हा मासा मीठ-व्हिनेगरात मुरवून येतो, आनागो (समुद्री वाम) शिजवून. मासा काढला तरी सुशी उरते : इनारीझुशी म्हणजे तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला आंबट भात. भात काढला तर मात्र काही उरत नाही.

'ओमाकासे'मधला 'ओ' आदरार्थी, 'माकासेरु' म्हणजे सोपवणे. सोपवणारा कोण? जेवणारा! 'आचारीपसंत' कर्ताच बदलून टाकतो, म्हणून तो प्रतिशब्द बाद. आपल्याकडे सरळ 'सोपवणे' आहे, संस्कृत 'समर्पयति'पासून प्राकृतातून आलेलं. 'तुमच्यावर सोपवलं' एवढं पुरे.

सुशीच्या दुकानात मागवायच्या रीती तीन : ओकोनोमी, म्हणजे आवडीचं एकेक सांगून, ओकिमारी, म्हणजे ठरल्या किमतीचा ठरलेला संच, आणि ओमाकासे. सगळ्या टेबलांवर तीच छापील यादी वाढतात तिथे पाटीवर काहीही असो, ते ओकिमारीच. ओमाकासेत आचारी बाजारात त्या दिवशी काय चांगलं मिळालं ते बघतो, तुमच्या खाण्याचा वेग बघतो आणि एकेक तुकडा पुढे ठेवतो. तो लगेच खायचा, कारण भात अंगाइतका कोमट असतो आणि नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा पापुद्रा, दोन-चार मिनिटांत सादळते. बहुतेकदा वर निकिरी (सोया सॉस, मिरिन ही स्वयंपाकातली गोड दारू आणि साके ही तांदळाची दारू उकळून केलेलं) फासलेलंच असतं, ते वेगळ्या सोयात बुडवू नये. बुडवायचंच तर माशाची बाजू. भात सोया शोषतो आणि हातातच सुटतो. काय चालत नाही ते मात्र जागा राखतानाच सांगावं. कारण कोंबू या जाड समुद्री शेवाळात दाबलेला मासा काही तास आधीच तयार झालेला असतो.

आता भात. सगळी गंमत त्यातच आहे. ३०० ग्रॅम आखूड दाण्याच्या तांदळाला साधारण ५० ते ६० मिली तांदळाचं व्हिनेगर, दोन मोठे चमचे साखर, एक छोटा चमचा मीठ. भात वाफाळता असतानाच ओतायचं. निवल्यावर ओतलं तर मुरत नाही, तळाशी साचतं. उलथणं आडवं-तिरकं कापत फिरवायचं, वरून वारा घालायचा. घोटलं की लगदा झालाच.

या भाताला सुशीचे आचारी 'शारी' म्हणतात. कोश सांगतात, हे 'शरीर'. म्हणजे दहनानंतरचे बुद्धाचे अवशेष, पांढऱ्या दाण्यांसारखे, म्हणून भाताला तेच नाव. मला हे साफ अमान्य आहे. शिंगोन या जपानी बौद्ध पंथाच्या एका जुन्या ग्रंथात उलटा क्रम आहे : भारतात तांदळाच्या दाण्याला 'शारी' म्हणतात, अवशेष तसे दिसतात म्हणून ते शारी. तांदळाचा 'शारी' म्हणजे आपला 'शालि'! जपानीत र आणि ल वेगळे नाहीत. कोशवाले लिपीचा आधार देतात की 'शारी' ज्या दोन चिनी अक्षरांत लिहितात ती 'शरीर'चीच. पण हीच दोन अक्षरं बुद्धाचा शिष्य 'शारिपुत्र' याचं नाव लिहिताना वापरतात, आणि तिथे 'शारी' म्हणजे शरीर नाही, त्याच्या आईचं नाव आहे. ऱ्हस्व-दीर्घही त्या अक्षरांत टिकत नाही. शिवाय 'शरीर'मधला शेवटचा 'र' गळाला असं मानावं लागतं. 'शालि' दोन अक्षरी, तसाच्या तसा बसतो. लक्ष्मीपूजनाला साळीच्या लाह्या ठेवतो ना, ती साळ 'शालि'चीच. माझ्या मते तोक्योतल्या सुशीच्या कट्ट्यावरची शारी आणि आपली साळ सख्ख्या बहिणी आहेत.

मात्र जपानात कट्ट्यावर बसलात की हा शब्द स्वतः वापरू नका. 'शारी', सोयाला 'मुरासाकी', चहाला 'आगारी' ही आचाऱ्यांची आपसातली बोली. जेवणाऱ्यानं 'गोहान', 'शोयु', 'ओचा' म्हणावं.