बहराम : तापट की विजयी?

प्रश्न : 'बहराम' हे इराणी नाव मंगळ ग्रहाचं आहे असं वाचलं. मग ते तापट माणसाचं नाव समजायचं का? आणि त्यातला 'राम' आपलाच का?

उत्तर : आधी रामाचं पाहू, कारण मराठी वाचक इथेच हमखास फसतो. 'बह' आणि 'राम' अशी या नावाची फोडच होत नाही. जरथुश्त्री धर्मग्रंथ अवेस्तातलं 'वेरेथ्रघ्न' सासानी या इराणी राजघराण्याच्या काळच्या पहलवी भाषेत झिजून 'वरहरान' झालं आणि पुढे फारसीत 'बहराम'. वेरेथ्र म्हणजे अडवणूक, प्रतिकार. घ्न म्हणजे तो मोडून काढणारा. ऋग्वेदात इंद्राला लावलेलं 'वृत्रहन्' याच घरातलं. तरीही बहराम म्हणजे इंद्र असं समजू नका. अवेस्तात इंद्राची गणना दैत्यांत होते, वेरेथ्रघ्न मात्र पूजनीय, विजयाचा यजत, म्हणजे देवता. जरथुश्त्री महिन्याचा विसावा दिवस त्याच्या नावाचा आहे.

स्वभावाबद्दल विचाराल तर अवेस्तातल्या चौदाव्या यश्तात, म्हणजे स्तोत्रात, त्याची दहा रूपं येतात : जोरदार वारा, सोनेरी शिंगांचा बैल, पांढरा घोडा, उंट, रानडुक्कर, पंधरा वर्षांचा तरुण, शिकारी पक्षी, एडका, बोकड आणि शेवटी तलवार घेतलेला पुरुष. ही यादी फार बोलकी आहे. सगळ्यांत जोम आहे, आवेग आहे. नुसता राग कुठेच नाही.

तापटपणा आला तो मंगळामुळे. फारसीत मंगळाला बहरामच म्हणतात, आणि जुन्या ज्योतिषात तो युद्धाचा, रक्ताचा, अशुभ ग्रह. पण इराणी माणसाला हे नाव ऐकून बहुधा आठवतो तो सासानी राजा पाचवा बहराम (इ.स. 420 ते 438). गोरखर, म्हणजे रानगाढवांच्या शिकारीच्या वेडामुळे तो 'बहराम गूर' म्हणून ओळखला जातो. दोन सिंहांमधून त्याने मुकुट उचलून घेतल्याची कथा फिरदौसीच्या 'शाहनामा' या महाकाव्यात आहे. फारसी कवी निजामीच्या 'हफ्त पैकर' या काव्यात (1197) तो आठवड्याच्या सात दिवशी सात रंगांच्या घुमटांखाली सात राजकन्यांकडून गोष्टी ऐकतो. मंगळवारचा घुमट अर्थातच लाल. त्यामुळे धाडसाच्या जोडीला रसिकता आणि मौजही या नावाला चिकटली. सहाव्या शतकाच्या अखेरीस बंड करून काही काळ गादीवर बसलेला सेनापती बहराम चोबीन ही तिसरी, बंडखोर छटा.

आमच्या मते बाळासाठी नाव निवडताना मंगळाची धास्ती घेऊ नये. ग्रहाला हे नाव विजयाच्या यजतावरून मिळालं, यजताला ग्रहावरून नव्हे.

प्रश्न : बहराम बरोबर की बेहराम?

उत्तर : दोन्ही. इराणात 'बहराम', जोर शेवटच्या 'राम'वर, आणि 'ह' स्पष्ट ऐकू यायला हवा. 'ब्राम' असा उच्चार झाला की नाव बिघडलंच. 'बेहराम' हे पारशी वळण, 'आतश बेहराम' या पारशी अग्निमंदिराच्या नावात ऐकू येतं तेच. कागदपत्रांवर मात्र एकच रूप ठरवा आणि जन्मदाखल्यापासून तेच ठेवा.