ओला कागद आणि जागे झालेले मूल

प्रश्न : मला चार वर्षांचा मुलगा आणि दीड वर्षाची मुलगी आहे. मुले होण्यापूर्वी मी रोज सकाळी तास-दीड तास जलरंगात काम करीत असे. आता आकाशाचा थर देऊन होतो न होतो तोच धाकटी जागी होते आणि तिला घेऊन परत येईपर्यंत कागदावर डाग व कडा उमटलेल्या असतात. मोठा मुलगा माझ्याच कागदावर रंगवण्याचा हट्ट धरतो. वर्षभरात एकही चित्र मनासारखे झालेले नाही. काही वर्षे जलरंग बाजूला ठेवून केवळ रेखाटन करावे, असे घरचे सुचवतात. तसे करावे का?

उत्तर : घरच्यांचा सल्ला अर्धाच पटण्याजोगा आहे. रेखाटन वाढवावे हे खरे. पण जलरंग सोडण्याची गरज मला दिसत नाही, कारण तुमची अडचण वेळ अपुरा असण्याची जेवढी आहे, त्याहून अधिक ती नको त्या क्षणी उठावे लागण्याची आहे. जलरंगात हात थांबवताच येत नाही असा काळ फार थोडा असतो : थर एकसारखा पसरवणे आणि ओल्या कागदात ओला रंग सोडणे, एवढाच. आखणी, रंग कालवणे, कोरड्या थरावरचे बारकावे ही कामे कधीही अर्ध्यावर सोडता येतात, आणि थर वाळण्याची वाट तर मुले नसतानाही पाहावीच लागत होती.

तुमच्या आकाशातल्या डागांचे कारण, मला वाटते, उठून जाणे हे नसून परत आल्यावर दुरुस्तीला बसणे हे आहे. अर्धवट वाळलेल्या रंगाला पाण्याने भरलेला ब्रश लागला, की नवे पाणी आधीचे रंगकण पुढे ढकलत नेते आणि दातेरी कडेचा डाग उमटतो. म्हणून उठण्यापूर्वी दोन गोष्टी कराव्यात. ब्रश फडक्यावर टिपून थराच्या खालच्या कडेला साचलेला थेंब त्याने शोषून घ्यावा, आणि तिरका ठेवलेला बोर्ड आडवा करावा. याला रडणारे मूल सहन करील एवढाच वेळ लागतो. परत आल्यावर मात्र कागदाला लगेच ब्रश लावू नये. तो पूर्ण वाळला आहे की नाही, हे हाताची मागची बाजू टेकवून पाहावे. कागद गार लागला तर आत ओल शिल्लक आहे असे समजावे. वाळल्यानंतर साऱ्या आकाशावर स्वच्छ पाणी हलकेच फिरवून दुसरा पातळ थर देता येतो. मध्येच राहिलेली कड ओल्या ब्रशने चोळून बरीच सौम्य होते, आणि जी होत नाही तिचा ढग करावा. निम्मे ढग असेच जन्माला येतात.

आकार लहान करावा, हे मी आग्रहाने सांगेन. ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या, जाड) कागदाचे १० बाय १५ सेंटिमीटरचे तुकडे कापून ठेवले, तर एका तुकड्यावरचा आकाशाचा थर दोन-तीन मिनिटांत संपतो. असे चार-पाच तुकडे एकाच वेळी वेगवेगळ्या टप्प्यांवर असू द्यावेत. एकावर नुसती आखणी झालेली, दुसऱ्यावर पहिला थर वाळत असलेला, तिसऱ्यावर केवळ गडद छटा द्यायच्या राहिलेल्या. मग पाच मिनिटे मिळोत की पंचवीस, त्या वेळेला साजेसे काम समोर तयार असते. रंगही रोज नव्याने काढावे लागत नाहीत. जलरंग अरबी डिंकात बांधलेला असल्यामुळे वाळल्यावरही पाण्याने पुन्हा जिवंत होतो. ॲक्रिलिकला ही सोय नाही. तेव्हा ट्यूबमधला रंग पॅलेटच्या खणांत भरून वाळू द्यावा आणि झाकण लावून ठेवावा. अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एक पिवळा आणि एक तांबडा एवढ्यावर बरेच दिवस निघतात. पहिल्या दोहोंच्या मिश्रणातून करडा हवा तितका गडद मिळतो.

केटे कोलवित्स या जर्मन चित्रकर्तीची ‘विणकरांचा उठाव’ ही मुद्राचित्रांची मालिका १८९३ ते १८९७ या काळात झाली. तिचा थोरला मुलगा १८९२ चा आणि धाकटा १८९६ चा. मालिकेत चित्रे आहेत सहा. तिची परिस्थिती तुमच्यासारखीच होती असे मला म्हणायचे नाही. पण घरात पाळणा असताना वर्षाला दीड चित्र हा वेग लाजिरवाणा मानू नये, इतके तरी त्यावरून म्हणता येईल.

आता रेखाटनाविषयी. जागे मूल स्थिर राहत नाही, ही तक्रार प्रत्येक आईबापाची असते. मूल स्थिर राहत नसले, तरी तेच ते पुन्हा करते. एकाच पानावर पाच-सहा रेखाटने सुरू करावीत. मुलगी उकिडवी बसली की पहिल्यात भर घालावी, पालथी झाली की दुसऱ्याकडे वळावे, आणि ती पुन्हा उकिडवी बसते तेव्हा पहिल्याकडे परतावे. खोडरबर दूरच ठेवावा. प्रमाणांचे भान मात्र हवे. नवजात बाळाचे डोके शरीराच्या लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढांत ते सातवा-आठवा हिस्सा होते, आणि लहान मुलाचे डोळे चेहऱ्याच्या मध्यरेषेच्या बरेच खाली असतात. हे निसटले की बाळाचे चित्र ठेंगण्या माणसाचे होते. माझ्या जुन्या वह्यांत असे ठेंगणे गृहस्थ पुष्कळ आहेत.

मोठ्या मुलाला त्याच टेबलावर त्याची जागा, त्याचे रंग आणि तुमच्या कागदाचे उरलेले कपटे द्यावेत. कागद तुमच्यासारखाच असणे त्याच्या लेखी महत्त्वाचे असते. ‘मुलांसोबतच रंगवा, म्हणजे दोन्ही साधेल’ हा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. मी त्याच्याशी सहमत नाही. मुलासोबत रंगवणे हा सुंदर खेळ आहे आणि तो जरूर खेळावा, पण तो आपल्या कामाच्या हिशेबात धरला, की खेळताना चिडचिड होते आणि काम तर होतच नाही. त्याऐवजी आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासासाठी मुलांना घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसाकडे सोपवावे, आणि ती वेळ आधी सांगून ठरवून घ्यावी. ओले थर त्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवावेत. घरच्यांनी रेखाटनाचा सल्ला दिला आहे, तेव्हा हा अर्धा तास त्यांच्याकडेच मागायला हरकत नाही.

प्रश्न : माझी तीन वर्षांची मुलगी मी चित्र काढताना जवळ बसते आणि माझे पाहून ब्रश तोंडात घालते. चित्रकारांसाठीचे रंग तिच्याजवळ वापरणे धोक्याचे आहे का?

उत्तर : सगळे नाहीत, पण काही निश्चितच आहेत. कॅडमियमचे पिवळे, नारिंगी व तांबडे रंग आणि कोबाल्टचे रंग मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. ट्यूबवरील रंगद्रव्याचे नाव व इशारा वाचावा. ‘ह्यू’ असे लिहिलेल्या रंगांत बहुधा त्या छटेचे पर्यायी द्रव्य असते. तिच्यासाठी मुलांचे म्हणून विकले जाणारे रंग आणि ब्रश वेगळे ठेवावेत. रंगांचे सुटे लहान पॅन (वाळलेल्या रंगाच्या वड्या) आणि ब्रशची प्लॅस्टिकची टोपणे घशात अडकण्याजोगी असतात, ती काम संपताच मोजून उचलावीत. ब्रश धुण्याचे पाणी पिण्याच्या पेल्यात कधीही घेऊ नये. रंग उडवणाऱ्या फवाऱ्याचे किंवा रेखाटन पक्के करणाऱ्या फिक्सेटिव्हचे काम ती खोलीत असताना करू नये.

तुम्ही ‘माझे पाहून’ असे लिहिले आहे, त्यावरून ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवय तुम्हालाही असावी. मलाही होती. चांगला ब्रश पाण्यात बुडवून मनगटाने एकदा झटकला, की त्याचे टोक आपोआप जुळते. ही युक्ती आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि माझ्या मुलीने, एकाच दिवशी सुरू केली. तिची सवय आठवड्यात सुटली, माझी सुटायला दीड वर्ष लागले.