नैतिक सिद्धांत आणि वैद्यकीय संशोधन: एकाच माणसाची दोन कामं कशी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तत्त्वज्ञानात एम.ए. झालंय. पीएच.डी.साठी ज्या प्राध्यापकांकडे जायचा विचार आहे, ते अर्धा वेळ नैतिक सिद्धांतावर लिहितात आणि अर्धा वेळ आरोग्य-संशोधनातल्या नीतिमत्तेवर. मग पहिलं खरं तत्त्वज्ञान आणि दुसरं नुसती संमतिपत्रांची तपासणी, असं आहे का? कांट वाचलेल्या माणसाला क्लिनिकल ट्रायलमध्ये काय काम?

मी काही वर्षं एका एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीवर होते. डॉक्टर होते, वकील होते, आणि तत्त्वज्ञानवाली म्हणून मी. पहिल्या बैठकीला मी ‘माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये’ हे कांटचं सूत्र घोटून गेले होते. ते कुणालाच नको होतं, कारण ते सगळ्यांना आधीच मान्य होतं! भांडण झालं ते एका शब्दावरून. संमतिपत्रात वाक्य होतं, ‘या अभ्यासात तुमच्यावर नव्या औषधाने उपचार केले जातील.’ मी विचारलं, निम्म्या लोकांना प्लासिबो, म्हणजे औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी मिळणार आहे ना? मग ‘उपचार’ कशाला म्हणायचं? उत्तर आलं, लोकांना समजायला सोपं जावं म्हणून. त्या एका शब्दावर तासभर गेला. चहा गार झाला आणि बाकीचे प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेले, त्याबद्दल मला बोलणीही बसली.

शब्दाचा कीस पाडण्याचं हे प्रकरण नव्हतं. उपचारात डॉक्टर तुमच्याकडे बघून डोस ठरवतो, ट्रायलमध्ये तो आराखड्यात आधीच ठरलेला असतो. कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठी ठरवते, आणि कधीकधी सुई टोचली जाते ती तुमच्यासाठी नव्हे, तर आकडा हवा म्हणून. हे सगळं नीट सांगूनही सहभागी मनात धरून चालतात की ‘माझ्या भल्याचं असेल तेच मला देतील.’ मनोविकारतज्ज्ञ पॉल अ‍ॅपेलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये या गैरसमजाला ‘थेरप्युटिक मिसकन्सेप्शन’ असं नाव दिलं आणि तेव्हापासून तो प्रश्न सुटलेला नाही. कारण तो सुटायचा तर आधी ठरवावं लागतं की संमती खरी कशामुळे होते. सही केल्याने? माहिती मिळाल्याने? की ती माहिती मनात उतरल्याने? हा थेट नैतिक सिद्धांताचा प्रश्न आहे. तो कमिटीच्या टेबलावर येतो तेव्हा त्याच्यासोबत कुणाचा तरी अर्ज असतो, एवढाच फरक.

आता एक उदाहरण जरा जवळून बघा, कारण माझ्या मते दोन्ही विषयांचा सांधा इथे दिसतो. एक्मो हे यंत्र रक्त शरीराबाहेर काढून त्यात ऑक्सिजन भरून परत आत सोडतं. फुप्फुसं निकामी होत चाललेल्या नवजात बाळांवर ते वापरावं का, याची चाचणी मिशिगन विद्यापीठात रॉबर्ट बार्टलेट यांच्या गटाने केली आणि १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांना सरळ नाणेफेक नको होती. म्हणून पद्धत अशी ठेवली की ज्या उपायाला यश येईल, त्याच्याकडे पुढच्या बाळाची चिठ्ठी जास्त झुकावी. पहिल्या बाळाला यंत्र मिळालं, ते जगलं. दुसऱ्याला नेहमीचे उपचार मिळाले, ते दगावलं. त्यानंतर प्रत्येक चिठ्ठी यंत्राचीच निघत गेली. एकूण १२ बाळं. यंत्रावरची ११ जगली आणि दुसऱ्या बाजूला ते एकच, जे गेलं.

संख्याशास्त्रज्ञ चिडले की एका बाळावरून तुलना कसली करता. काहींची तक्रार नेमकी उलट होती: यंत्र चांगलं आहे असं वाटत होतं, तर ते एक बाळ तरी चिठ्ठीवर का सोडलं? त्यात संमतीची पद्धतही चमत्कारिक होती. मार्व्हिन झेलेन या संख्याशास्त्रज्ञाने सुचवल्याप्रमाणे आधी चिठ्ठी काढायची आणि नवा उपाय ज्यांच्या वाट्याला आला त्यांच्याच पालकांना विचारायचं. ज्या बाळाला नेहमीचेच उपचार मिळणार, त्याच्या आईवडिलांना विचारायची गरज काय, असा तो युक्तिवाद. ‘गरज काय’ हे शब्द पुन्हा वाचा. ज्याच्यावर काही नवीन होत नाही, त्याच्यावर अन्याय होऊच शकत नाही, असं त्यात गृहीत धरलंय. परिणामांवरून बरंवाईट ठरवणाऱ्याला हे एक वेळ चालेल. पण माझ्या बाळाच्या नावाची चिठ्ठी मला न सांगता निघाली, यातच अवमान आहे असं मानणाऱ्याला ते चालणार नाही. मी दुसऱ्या बाजूची आहे, हे सांगून टाकते.

पुढे ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, १९९६ मध्ये निकाल छापून आला. यंत्राच्या गटातल्या ९३ पैकी ३० बाळं दगावली, दुसऱ्या गटातल्या ९२ पैकी ५४. म्हणजे यंत्र उपयोगी होतं. पण या ५४ जणांच्या आईवडिलांना काय सांगायचं? इथे नीतितज्ज्ञ बेंजामिन फ्रीडमन कामाला येतात. त्यांनी १९८७ मध्ये म्हटलं की एकट्या डॉक्टरचा कल कुठे आहे याला महत्त्व नाही. तज्ज्ञांच्या समुदायातच प्रामाणिक मतभेद असेल, तर चिठ्ठी काढणं हा विश्वासघात ठरत नाही. या कल्पनेला इक्विपॉइज म्हणतात. ती इतकी चालली की अर्ध्या प्रस्तावांमध्ये हा शब्द मंत्रासारखा टाकलेला दिसतो. मग २००३ मध्ये फ्रँकलिन मिलर आणि हॉवर्ड ब्रॉडी यांनी मुळावरच घाव घातला: संशोधकाला उपचार करणाऱ्या डॉक्टरची कर्तव्यं लावताच कशाला? तसं करणं म्हणजे तो रुग्णांचा गैरसमज आपणच नियमांत लिहून ठेवणं. मला हा हल्ला अर्धाच पटतो. डॉक्टरची कर्तव्यं काढून घेतलीत, तर त्या जागी काय ठेवणार? ‘शोषण करू नका’ एवढ्याने भागत नाही, कारण शोषण म्हणजे काय हे पुन्हा सिद्धांतालाच विचारावं लागतं.

आणि रस्ता एकमार्गी नाही, हे तुमच्या प्रश्नात निसटलंय. तत्त्वज्ञ थॉमस स्कॅन्लन यांचा करारवाद (१९९८) सांगतो की कृतीचं समर्थन एकेका माणसापुढे करता आलं पाहिजे. अनेकांच्या छोट्या फायद्यांची बेरीज करून एकाच्या मोठ्या हानीवर मात करता येत नाही. कागदावर हे सुंदर दिसतं. पण लसीची चाचणी घ्या. हजारो लोक टोचून घेतात आणि त्यातल्या एखाद्याला गंभीर त्रास होऊ शकतो, हे आधीपासून माहीत असतं. कुणाला, ते माहीत नसतं. ज्याला नंतर त्रास झाला त्याची तक्रार मोजायची की टोचून घेण्याआधी प्रत्येकाला असलेला लहानसा धोका? पहिलं म्हणालात तर जवळजवळ सगळं संशोधन बंद. दुसरं म्हणालात तर ‘एकेका माणसापुढे समर्थन’ हे वचन पातळ होतं. तत्त्वज्ञ योहान फ्रिक यांनी २०१५ मध्ये या दुसऱ्या पर्यायाच्या बाजूने नेटाने लिहिलं आणि त्यावर अजून वाद चालू आहे. म्हणजे सिद्धांताच्या पोटातली अडचण अशा जागी उघडी पडते.

तेव्हा त्या प्राध्यापकांकडे जायचंच असेल तर दोन्हीकडचा त्यांचा एकेक लेख शेजारीशेजारी ठेवून वाचा. प्रयोगावरच्या लेखात सिद्धांताची नावं फक्त पहिल्या पानावर येऊन गायब होत असतील, तर ती दोन वेगळी दुकानं आहेत असं समजा. एखाद्या प्रकरणामुळे त्यांनी आपलं सैद्धांतिक मत कुठे बदललंय का, हे पहिल्या भेटीत विचारा. मी विचारलं होतं. माझे मार्गदर्शक बराच वेळ गप्प बसले आणि मग एक खोडलेला मसुदा काढून समोर ठेवला.

वाचायला कुठून सुरुवात करू असं विचाराल, तर तत्त्वज्ञ हान्स योनास यांचा १९६९ चा माणसांवरच्या प्रयोगांविषयीचा निबंध. वैद्यकीय प्रगती हे ऐच्छिक ध्येय आहे, असं ते ठणकावून म्हणतात, आणि प्रयोगासाठी सर्वांत आधी खुद्द संशोधकांनी पुढे यावं असंही सुचवतात. अख्खा निबंध पटणार नाही, मलाही पटत नाही. पण कुठे पटत नाही ते लिहून काढलंत की प्रबंधाचा विषय त्यातच सापडेल.