डिशवॉशर चालूच होत नाही? पीसीबीच्या (आतल्या कंट्रोल बोर्डच्या) आधी प्लग बघा

हल्ली येणारे बरेचसे मेसेज एकाच वाक्याने सुरू होतात, "मशीन डेड झालंय". डेड म्हणजे नेमकं काय, ते कोणी लिहीत नाही. पॅनलवर एकही लाइट नाही, की लाइट आहेत पण स्टार्ट घेत नाही, की सुरू होऊन मिनिटभरात थांबतं? तिन्ही वेगळ्या गोष्टी आहेत, कारणंही वेगळी, आणि सर्व्हिसवाल्याला फोनवर एवढं नीट सांगितलं तरी तो योग्य पार्ट घेऊन येतो. तेच तेच प्रश्न परत येतायत आणि मधल्या वेळात लोक नको त्या पार्टवर पैसे घालवून बसतायत, म्हणून त्यातले काही इथे घेतोय.

प्रश्न: स्टार्ट दाबलं की डिस्प्लेवर "३" दिसतं आणि मशीन गप्प बसतं. बिघडलंय का?

नाही ताई, डिले स्टार्ट लागलाय, तीन तासांनी आपोआप सुरू होईल. कॅन्सल कसा करायचा ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा, बहुतेक मशीनना एखादं बटण तीन सेकंद दाबून धरावं लागतं.

प्रश्न: पॅनल चालू आहे पण एकही बटण काम करत नाही. कोपऱ्यात किल्लीचं चित्र दिसतंय.

चाइल्ड लॉक आहे, काढा.

प्रश्न: घरच्या इन्व्हर्टरवर डिशवॉशर सुरू का होत नाही?

होणार नाही आणि करूही नका, नुसता हीटरच साधारण १८०० ते २००० वॅट घेतो आणि घरातला पंखे-लाइटचा इन्व्हर्टर त्यासाठी नसतोच.

प्रश्न: दार लावलं की कधीकधी "टक" आवाज येत नाही आणि मग मशीन सुरूच होत नाही. व्हिडिओत एकाने लॅचमध्ये काडी घालून चालू करून दाखवलंय. तात्पुरतं करू का?

अजिबात नको. दाराच्या लॅचमध्ये एक छोटा स्विच असतो, दार पूर्ण लागल्याशिवाय मशीनने पाणी मारू नये आणि हीटर लावू नये एवढ्यासाठीच तो बसवलेला असतो. काडी घालून तुम्ही तोच खोटा पाडता. मग मध्येच कोणी दार उघडलं, घरात लहान मूल असेल तर हमखास उघडतंच, तर साठ-सत्तर डिग्रीचं पाणी आणि वाफ थेट तोंडावर.

आधी साधं बघा, भांडी ठेवायची खालची जाळी पूर्ण आत गेली आहे का, कढईचा दांडा किंवा उंच झारा दाराला आडवा येतोय का, दाराच्या रबराच्या खालच्या कोपऱ्यात भाताची शितं, डाळ साचली आहे का. आपल्याकडे हा शेवटचा प्रकार फार असतो. ओल्या फडक्याने रबर पुसा, जाळी रिकामी करा आणि परत लावून बघा. तरी टक येत नसेल तर लॅच बदलावं लागेल, ते सर्व्हिसवाल्याकडूनच करून घ्या.

प्रश्न: एकही लाइट नाही. सॉकेटमध्ये मोबाइल चार्जर लावून बघितला, तो चालतो. टेक्निशियन आला, मशीन न उघडताच म्हणाला पीसीबी गेलंय, नऊ हजार होतील, उद्यापर्यंत ऑफर आहे. देऊ का ऑर्डर?

थांबा. जो माणूस पॅनल उघडत नाही, मीटर लावत नाही, त्याला पीसीबी गेलंय हे कळलं कसं? पीसीबी जातात, नाही असं नाही, पावसाळ्यात तर जास्तच, वीज कडाडून व्होल्टेज उसळलं की आतला फ्यूज किंवा व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारा छोटा पार्ट) उडतो आणि कधीकधी तेवढाच बदलून बोर्ड परत चालतो. पण तिथपर्यंत पोचायच्या आधी मध्ये सॉकेट आहे, प्लग आहे, वायर आहे, विजेच्या सप्लायवरचा फिल्टर आहे, आणि ही सगळी तपासणी काही तासनतासाची नसते. पार्टला "उद्यापर्यंत ऑफर" कसली?

चार्जर चालला म्हणजे सॉकेट चांगलं, हे कुठून आलं माहीत नाही पण सगळे तेच सांगतात. चार्जरला करंट लागतो नावाला. जळका कॉन्टॅक्ट, सैल स्क्रू, एवढ्यावरही चार्जर मजेत चालतो, पण डिशवॉशरचा हीटर लागला की नऊ अँपियरच्या आसपास ओढतो आणि तिथेच गाडी अडते. म्हणून सॉकेट तपासायचं तर इस्त्रीसारखं जरा मोठं लोड लावून तपासावं. मेन बंद करून प्लग काढून बघा, पिना काळ्या पडल्यात का, प्लास्टिक पिवळं किंवा मऊ झालंय का. तसं दिसलं तर त्यात इस्त्रीसुद्धा लावू नका, आधी सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला. आणि मशीन एक्स्टेंशन बोर्डवर किंवा मोठ्या पिनेचा प्लग छोट्या सॉकेटला जोडणाऱ्या त्या कन्व्हर्टरवर असेल तर तुमचं उत्तर बहुतेक तिथेच सापडेल. डिशवॉशरला १६ अँपियरचं स्वतंत्र सॉकेट लागतं.

दुसरं, उंदीर. मशीनच्या मागची, खालची वायर कुरतडलेली असते आणि बाहेरून काही दिसत नाही. झुरळं तर थेट कंट्रोल पॅनलमध्ये घर करतात, तिथे ऊब असते, आणि त्यांच्या घाणीने बोर्डवर शॉर्ट होतं. टेक्निशियनला सांगा, पॅनल माझ्यासमोर उघडा, बोर्डपर्यंत सप्लाय येतोय का ते मीटरवर दाखवा. येत असेल आणि पुढे काहीच होत नसेल तर मग बोर्डबद्दल बोलू. बदललाच तर जुना बोर्ड परत मागा, पक्कं बिल घ्या, नव्या बोर्डची वॉरंटी लिहून घ्या. एवढं विचारल्यावर तो चिडला तर दुसरा बोलवा.

प्रश्न: प्लग काढून दहा मिनिटांनी परत लावला की मशीन सुरू होतं. रोज असं केलं तर चालेल?

एकदा करून बघायला हरकत नाही, बोर्ड अडकला असेल तर रीसेट होतो. रोज करावं लागत असेल तर आत काहीतरी सैल आहे किंवा बोर्ड मरायला टेकलाय, तपासून घ्या.

प्रश्न: डोंबिवली, जुनी बिल्डिंग. मशीन कधी चालू होतं, कधी नाही. आणि एक हात दाराला, दुसरा सिंकच्या नळाला लागला की झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियन म्हणतो, नवीन मशीनला असं होतंच, चप्पल घालून वापरा.

काका, मशीन आत्ता बंद करा. एमसीबी खाली पाडा, प्लग काढा आणि पुढचं मग वाचा.

झिणझिण्या येणं कुठल्याच मशीनला "होतंच" असं नसतं. मशीनमध्ये जिथे सप्लाय येतो तिथे एक फिल्टर असतो, त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यातून होणारी किरकोळ गळती जमिनीत जाते आणि कोणाला कळतही नाही. अर्थिंग नसेल तर मशीनची बॉडी अर्ध्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास, तशीच राहते, टेस्टर लावला तर पेटतो. करंट अगदी कमी असतो म्हणून आज फक्त मुंग्या येतायत. पण त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या मशीनला अर्थिंग नाही, आणि उद्या हीटरचं इन्सुलेशन गेलं, जे क्षार साचून साचून जाऊ शकतं, तर त्याच स्टीलच्या दाराला पूर्ण २३० व्होल्ट असतील आणि हात लावणाऱ्याचा हात ओला असेल. चप्पल घालून तो ओला हात नळाला लागायचा थांबतो का?

जुन्या बिल्डिंगमध्ये हे फार दिसतं, आणि त्याचं एक कारण असंही आहे की पूर्वी कित्येक ठिकाणी लोखंडी पाण्याच्या पाइपालाच अर्थची वायर गुंडाळलेली असायची. ते चूकच होतं, पण पुढे सोसायटीने लोखंडी पाइप काढून प्लास्टिकचे टाकले, आणि होतं ते तोडकंमोडकं अर्थिंगही गेलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. सॉकेटला तीन भोकं आहेत, तिसऱ्याला हिरवी वायर आहे, ती भिंतीत जाऊन कुठे संपते ते विचारतो कोण?

याहून वाईट म्हणजे अर्थ मिळत नाही म्हणून काही इलेक्ट्रिशियन सॉकेटमध्येच न्यूट्रलचा तुकडा अर्थच्या पिनेला जोडून देतात. झिणझिण्या थांबतात, गिऱ्हाईक खूश, पैसे घेऊन हा मोकळा. आता कधीतरी त्या लाइनचा न्यूट्रल सैल होऊन सुटला, आणि जुन्या वायरिंगमध्ये तो सुटतोच, की अख्खी बॉडी लाइव्ह. तुमचं मशीन "कधी चालू, कधी नाही" करतंय ना, ते मला म्हणूनच जास्त घाबरवतंय, सैल न्यूट्रलचं पहिलं लक्षण नेमकं असंच असतं. आणि घरात आरसीसीबी असला, म्हणजे करंटची गळती दिसली की सप्लाय तोडणारा स्विच, ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात, तरी अशा जोडणीत बॉडीत आलेला फॉल्ट न्यूट्रलमधूनच परत जातो, त्यामुळे त्याला गळती दिसतच नाही. काही ठिकाणी तर सारखा ट्रिप होतो म्हणून आरसीसीबीच काढून टाकलेला असतो! तो ट्रिप होत होता कारण तो त्याचं काम करत होता.

आता करायचं काय. लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा, "चप्पल घाला" म्हणणारा नको. त्याला तीन रीडिंग घ्यायला सांगा, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी हवीत, तिसरं दोन-चार व्होल्टच्या आत. तिसरं लोड चालू असतानाही अगदी शून्य आलं तर सॉकेट उघडून तुकडा मारलाय का ते बघायला लावा. नुसत्या मीटरवर विश्वास ठेवू नका, तुटत आलेली अर्थ वायरही मीटरवर छान व्होल्टेज दाखवते, लोड लावूनही तपासायला सांगा. ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. अर्थ वरपर्यंत येतच नसेल तर हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही, कमिटीला लेखी द्या, अर्थ पिट (जमिनीतला अर्थिंगचा खड्डा) तपासून घ्या, प्रत्येक मजल्यावर गिझर आहेत, वॉशिंग मशीन आहेत. तोवर भांडी हाताने घासा.

प्रश्न: स्टार्ट दिलं की आतून घुर्रर्र असा पाणी फेकल्याचा आवाज येत राहतो, बाकी काही नाही. डिस्प्लेवर ई-१५. मशीन वाकडं करून पाणी काढलं की दोन दिवस चालतं.

पाणी तळाच्या ट्रेमध्ये जमलंय. तिथे एक फ्लोट असतो, तो वर आला की मशीन सगळं सोडून फक्त ड्रेन पंप चालवतं, घरात पाणी होऊ नये म्हणून. बॉशच्या मशीनवर ई-१५ चा अर्थ हाच. वाकडं करून ट्रे रिकामा होतो, गळती तिथेच राहते, आणि ते जड मशीन तिरकं करताना पाठीचं काय होतं ते वेगळं.

एक विचारतो, मशीनच्या पावडर-टॅब्लेटऐवजी भांडी घासायचं लिक्विड टाकलं होतं का? ते टाकलं की फेस इतका होतो की दारातून, सीलमधून खाली उतरतो. तसं असेल तर लिक्विड बंद करा आणि ट्रे टेक्निशियनकडून कोरडा करून घ्या. नसेल तर पाइप, सील, पंप, कुठून गळतंय ते शोधायला त्याला मशीन बाहेर ओढावं लागेल.

प्रश्न: सहा महिने मुलाकडे अमेरिकेत होतो, परत आलो तर मशीन नुसतं गुणगुणतं.

इनलेटचा नळ उघडलाय का बघा. उघडा असेल तर पंप क्षाराने जाम झाला असेल, परत परत स्टार्ट देऊ नका, मोटर जळेल, टेक्निशियनला बोलवा.

प्रश्न: न्यू जर्सीत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहतो. डिशवॉशर अचानक पूर्ण बंद, प्लग कुठे आहे तेच सापडत नाही.

तिकडे बऱ्याच घरांत तो सिंकच्या खाली असतो किंवा वायर थेट जोडलेली असते. सिंकजवळच्या भिंतीवर डिस्पोजरच्या (सिंकमधलं खरकटं दळणाऱ्या यंत्राच्या) स्विचशेजारी आणखी एक साधा स्विच आहे का बघा, पुसताना तो बंद होतो. मग ब्रेकर बघा. त्यापुढे घरमालकाला कळवा, स्वतः उघडू नका.

प्रश्न: गुगलवर कंपनीचा कस्टमर केअर नंबर मिळाला. त्यांनी एक ॲप टाकायला सांगितलं आणि बुकिंगचे दहा रुपये भरायला सांगितले. भरू?

नाही! फसवणूक आहे ही. ते ॲप तुमच्या मोबाइलची स्क्रीन त्यांना दाखवतं, दहा रुपये भरताना पिन, ओटीपी सगळं तिकडे दिसतं. सर्चमध्ये वर आलेला नंबर कंपनीचाच असतो असं नाही. नंबर घ्यायचा तो मशीनच्या पुस्तिकेतून, वॉरंटी कार्डावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. ॲप टाकलं असेल तर मोबाइलचं नेट बंद करा, ॲप काढा, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन करा, इथे प्रत्येक मिनिट महत्त्वाचं असतं.

प्रश्न: दोन आठवडे मशीन चालताना जळकट वास यायचा, आज सुरूच झालं नाही. सर्व्हिसवाला शनिवारी येणार आहे. तोवर अधूनमधून ट्राय करत राहू का?

दोन आठवडे कशाची वाट बघत होतात? ट्राय करू नका. मेन बंद करून प्लग काढा, सॉकेट गरम किंवा काळं दिसलं तर त्या सर्किटचा एमसीबी तसाच खाली ठेवा आणि त्यावर दुसरं काही चालवू नका. शनिवारची वाट सर्व्हिसवाल्यापुरती बघा, इलेक्ट्रिशियनला मात्र आजच बोलवा, आणि प्लग फेकून देऊ नका, तो दोघांनाही दाखवा.